दोन पदव्या आणि एक पाकीट

२०२४ सालच्या जून महिन्यातील ही गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस धारणीवर पडून गेला होता. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही ओसरीवर बसलो होतो आणि कौलांतून गळणाऱ्या पाण्याखाली कोणते भांडे कोठे ठेवावे याचा विचार करीत होतो. एवढ्यात फाटकाची कडी वाजली. खांद्यावर शाळेची जुनी पिशवी, हातात प्लास्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेली कागदपत्रे, अशी एक मुलगी आत आली. परतवाड्याच्या वसतिगृहात राहून तिने नुकतीच बारावी पूर्ण केली होती. विधी अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षाही देऊन झाली होती.

"फादर, मला एका वेळी दोन शिक्षणं घ्यायची आहेत," ती म्हणाली. "एक वकिलीचं, एक पत्रकारितेचं. असं चालतं का, ते विचारायला आले."

आम्ही चष्मा काढून पुसला. उत्तर देण्यापूर्वी थोडा अवकाश हवा असला की आम्ही हेच करतो, हे आमच्या धर्मग्रामातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. मग आम्ही म्हणालो, "बेटा, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

"तलवारी कशाला फादर? आमच्या घरी विळा आहे आणि खुरपंही आहे. दोन्ही एकाच कोनाड्यात असतात."

वाचकहो, या उत्तराने आम्हांला हसू आले, हे खरे. परंतु त्या हसण्यामागे एक जुनी अस्वस्थता होती. ही मुलगी कोणाची नात आहे, हे आम्ही तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखले होते. तिच्या आजीची आणि आमची गाठ पंचवीस वर्षांपूर्वी पडली होती, आणि त्या गाठीची आठवण आमच्या लाकडी पेटीच्या तळाशी एका पिवळ्या पाकिटात बंद होती. त्या पाकिटाची कथा सांगितल्यावाचून पुढील काहीच सांगता येणार नाही.

१९९९ चा उन्हाळा. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील आमचे शिक्षण संपून दोन-अडीच वर्षे झाली होती. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान आम्ही मनापासून अभ्यासले होते, पण खरे सांगायचे तर आमचा जीव वर्तमानपत्रात अडकलेला होता. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ पासून वृत्तपत्रविद्येचे शिक्षण दिले जात असे. रोलंड वुल्झले नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी त्याचा पाया घातला होता. आम्हांलाही तेथे जावे असे वाटे. वरिष्ठांनी प्रेमाने सांगितले, आधी हातातले एक काम पुरे करा. आम्ही आज्ञा पाळली, परंतु लेखणीची खाज काही गेली नाही.

तरुण साहाय्यक धर्मगुरू म्हणून आम्ही मेळघाटात आलो. तेव्हा रोजगार हमीची कामे चालू होती. एका ढाण्यावरील एक कोरकू बाई एके दुपारी मोहाच्या झाडाखाली आमच्याजवळ बसली आणि तिने सांगितले की हजेरीपत्रकावर अंगठा बारा दिवसांचा घेतला जातो आणि पैसे सात दिवसांचे हातात पडतात. ती हिंदी-कोरकू मिसळून बोलत होती. तिच्याबरोबरच्या दोघींनी मान डोलावली. आमचे रक्त तापले. त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही एका जिल्हा दैनिकाला पत्र लिहिले. त्यात बाईचे नाव घातले, ढाण्याचे नाव घातले आणि मजुरी कोणी खाल्ली त्या माणसाचेही नाव घातले. भाषा अर्थातच जळजळीत होती. विशेषणांची तर आम्ही लयलूटच केली. पत्र छापून आले. अमरावतीहून एका मित्राने अभिनंदनाचे कार्ड धाडले आणि आम्ही ते मोठ्या अभिमानाने प्रार्थनापुस्तकात ठेवले.

पंधरा दिवसांनी रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस आली. भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ व ५००, अब्रुनुकसानी. आमच्यापाशी काय होते? हजेरीपत्रकाची प्रत नव्हती. कोणत्या बारा दिवसांची मजुरी, त्यांच्या तारखा नव्हत्या. मान डोलावणाऱ्या दोघींची नावेही आम्ही विचारून घेतली नव्हती. माहितीच्या अधिकाराचा कायदा तोवर महाराष्ट्रात आलेला नव्हता, त्यामुळे सरकारी कागद मागण्याची सोयही नव्हती. इकडे त्या बाईला बोलावून घेण्यात आले आणि "मी फादरला असे काही सांगितले नाही" अशा मजकुरावर तिचा अंगठा उमटवण्यात आला. जे हजेरीपत्रकावर झाले होते तेच पुन्हा झाले, फक्त या वेळी निमित्त आम्ही होतो. आम्ही दिलगिरीचे पत्र लिहून दिले. तेही छापून आले, आधीच्या पत्राहून ठळक जागी. पुढील हंगामात त्या बाईला कामावर घेतले गेले नाही.

आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा ती शेण सारवीत होती. तिने काम थांबवले नाही. एवढेच विचारले, "फादर, मेरा नाम काहे लिखा?"

या प्रश्नाचे उत्तर सेमिनरीत शिकलेल्या कोणत्याच ग्रंथात आम्हांला सापडले नाही. आम्ही जे लिहिले ते खरे होते, याविषयी आम्हांला आजही शंका नाही. पण खरे असणे आणि खरे ठरवता येणे यांमध्ये एक दरी असते आणि त्या दरीत आम्ही एका गरीब बाईला ढकलले होते.

आता त्या बाईची नात आमच्यासमोर उभी राहून नेमकी ती दोन शास्त्रे मागत होती, ज्यांच्या अभावी हे सारे घडले. आम्ही तिला काय सांगितले असेल? "एकच धर. वकिली धर. वर्तमानपत्राच्या भानगडीत पडू नकोस." आम्ही भ्यालो होतो, हे येथे कबूल करतो. तिने मात्र निघताना सांगितले, "मग नियम काय आहे तेवढा तरी बघून द्या फादर. तुम्हांला इंग्रजी वाचता येतं."

तेव्हा आम्ही नियम पाहू लागलो. पाहता पाहता स्वतःच त्यात रमलो.

ऑस्ट्रेलियातील काही विद्यापीठांत कायदा आणि पत्रकारिता या दोन्ही पदव्या जोडून घेण्याची रीतसर व्यवस्था आहे. विद्यार्थी एकदाच प्रवेश घेतो, काही विषय दोन्हीकडे धरले जातात आणि स्वतंत्रपणे लागली असती त्याहून कमी वर्षांत दोन पदव्या हाती येतात. आपल्याकडेही बारावीनंतरचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम हा मुळात जोडपदवीचाच प्रकार आहे. कला शाखेची पदवी आणि कायद्याची पदवी त्यात एकत्र गुंफलेली असतात. परंतु कायद्याला पत्रकारितेची जोड हवी असेल तर वाट थोडी वळणाची आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली जाहीर केले की विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम करता येतील. दोन्हींचे तास एकमेकांवर येऊ नयेत एवढीच मुख्य अट. हे वाचून आम्हांला वाटले, झाले काम. पण कायद्याच्या शिक्षणावर आणखी एक धनी बसलेला आहे, तो म्हणजे भारतीय विधिज्ञ परिषद, जिला लोक बार कौन्सिल म्हणतात. तिच्या २००८ च्या नियमावलीत सहावा नियम असा की विधी पदवीच्या विद्यार्थ्याने त्याच वेळी दुसऱ्या कोणत्याही नियमित पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घालू नये. आम्ही पुस्तक मिटणार होतो. तेवढ्यात त्याच नियमाच्या शेपटाकडे लक्ष गेले. भाषा अथवा संगणकाचे अल्पमुदतीचे अर्धवेळ प्रमाणपत्र आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा कोणताही अभ्यासक्रम, यांना ती मनाई लागू नाही. म्हणजे कायदा महाविद्यालयात बसून शिकावा आणि पत्रकारिता मुक्त विद्यापीठातून शिकावी. दार होते, मागच्या बाजूला होते, इतकेच. कायद्याचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत, हा धडा आम्हांला पंचावन्न ओलांडल्यावर मिळाला.

पुढचा प्रश्न अधिक कठीण होता. दोन्ही शिकल्यावर दोन्ही करता येतात का? विधिज्ञ परिषदेच्या आचारनियमांत एकोणपन्नासावा नियम सांगतो की वकिली करणाऱ्याने कोणाची पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये. एकावन्नावा नियम मात्र काही कामांना मोकळीक देतो. वकिलाने कायद्याची पुस्तके संपादावीत, विद्यार्थ्यांना शिकवावे, वर्तमानपत्रात छापावयाचा मजकूर छापण्यापूर्वी कायद्याच्या दृष्टीने तपासून द्यावा. आणि जाहिरात व पूर्णवेळ नोकरी यांविषयीचे नियम सांभाळून नभोवाणीवर बोलावे, पत्रकारिताही करावी. २०२४ साली हा विषय सर्वोच्च न्यायालयातही निघाला आणि विधिज्ञ परिषदेने तेथे आपली भूमिका मांडली, ती हीच: सनद घेऊन वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पत्रकार होता येणार नाही. थोडक्यात, हिला एके दिवशी कोणता अंगरखा रोजचा आणि कोणता सणाचा, हे ठरवावे लागेल.

त्यांतील छापण्यापूर्वी मजकूर तपासण्याचे जे काम आहे, त्यापाशी आमचे मन बराच वेळ घुटमळले. १९९९ साली आमचे ते पत्र अशा एखाद्या माणसाच्या टेबलावरून गेले असते तर? त्याने प्रथम विशेषणे खोडली असती. मग विचारले असते, मजुरी खाणाऱ्याचे नाव कोणत्या पुराव्यावर? आणि या बाईचे नाव कशासाठी? तिची संमती आहे का? चार प्रश्नांत आमचे पत्र अर्धे झाले असते आणि ती बाई सुरक्षित राहिली असती.

नोटिशीचा तो कायदा आम्ही आता नीट वाचला. अब्रुनुकसानीच्या फौजदारी गुन्ह्यात नुसते सत्य पुरेसे नसते. विधान सत्य हवे आणि ते प्रसिद्ध होणे लोकहिताचेही हवे, हा त्या कलमाचा पहिला अपवाद आहे, आणि ते सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर पडतो. दिवाणी दाव्यात मात्र सत्य हे पूर्ण उत्तर मानले जाते. ही फौजदारी तरतूद घटनेत बसते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. आमच्या पाकिटातील कलमांचे आता कलम ३५६ झाले आहे. ती मुलगी आमच्याकडे येऊन गेली त्यानंतर महिन्याभरातच हा बदल झाला. बिचारीला पहिल्या वर्षापासून जुने आणि नवे असे दोन्ही आकडे पाठ करावे लागत आहेत.

आम्ही तिला सांगितले की या दोन विद्या एका घरात नांदल्याची उदाहरणे महाराष्ट्रात हवी तेवढी आहेत, परंतु ती सुखाची नाहीत. लोकमान्य टिळकांनी १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि १८८१ च्या आरंभी केसरी निघाला. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावरील लेखनामुळे टिळक आणि आगरकर या दोघांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. ज्या पत्रांच्या आधारे त्यांनी लिहिले होते, ती खरी असल्याचे सिद्ध करता आले नाही. शिक्षा चार महिन्यांची झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले आणि आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तकही लिहिले. ज्याच्या हाती कायद्याची पदवी होती, त्यालाही कागदाने दगा दिला. हे वाचून आम्हांला क्षणभर बरे वाटले. लगेच लाज वाटली, कारण टिळकांनी स्वतः तुरुंगवास भोगला होता आणि आमच्या चुकीची शिक्षा दुसऱ्या कोणीतरी भोगली होती.

१९०८ मध्ये केसरीतील लेखांवरून राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी जे विलायतेला गेले, ते दादासाहेब खापर्डे आपल्या अमरावतीचेच वकील. टिळकांचे आणखी एक निकटचे सहकारी बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा, म्हणजे काका बाप्टिस्टा, हे मुंबईच्या माझगावचे कॅथलिक. १९१६ च्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले आणि पुढे मुंबईचे महापौरही. आपल्या घरांतील मुलांना हे नाव ठाऊक असते का, याची आम्हांला शंका आहे. कॅटेकिझमच्या वर्गात एकदा विचारून पाहिले, तर एका मुलाने ते क्रिकेटपटू असल्याचे सांगितले.

यवतमाळच्या बापूजी अण्यांनीही वकिली करीत वृत्तपत्र चालवले. परंतु सर्वांत जवळचे उदाहरण आम्हांला वाटते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तळ्याविषयी त्यांच्यावर दिवाणी दावा लागला. पत्र पंधरवड्याला निघत होते. दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयातून लागला तो मार्च १९३७ मध्ये, आणि तो अस्पृश्यांच्या बाजूने लागला. वृत्तपत्राचे घड्याळ आणि न्यायालयाचे घड्याळ किती वेगळे चालते, हे या तारखांवरून दिसते. दोन्ही घड्याळे मनगटावर बांधून चालायचे म्हणजे मोठा संयम हवा.

मुलीने हे सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "यांत बाई एकही नाही का फादर?"

प्रश्न रास्त होता. आम्ही तिला शीला बर्से यांची हकीकत सांगितली. मुंबईच्या या पत्रकार बाईंनी तुरुंगातील स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पंधरांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बाईंनी ते सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि १९८३ मध्ये आदेश दिले: स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठडी असावी व तेथे स्त्री पोलिसांचा पहारा असावा, चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, अटक झालेल्या गरीब माणसाची खबर कायदेशीर साहाय्य समितीला तत्काळ मिळावी. आम्हीही एक पत्रच लिहिले होते. आमच्या पत्रात एक बाई आणि पुष्कळ संताप होता. त्यांच्या पत्रात पंधरा मुलाखती होत्या, आणि पत्र कोठे पाठवावे हे त्यांना ठाऊक होते.

मेळघाटाला ही जोडी किती हवी आहे, हे येथे राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. बालमृत्यू आणि कुपोषण यांच्या बातम्या गेल्या शतकाच्या अखेरीपासून वर्तमानपत्रांत येत राहिल्या, त्यांवरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या आणि न्यायालयाने वर्षानुवर्षे आदेश दिले. परंतु ढाण्यावरील आईचे शब्द त्या न्यायालयापर्यंत पोहोचतात कसे, ते पाहा. ती कोरकूत बोलते. कोणी ते हिंदीत सांगतो. तालुक्याला ते मराठीत लिहिले जाते आणि उच्च न्यायालयासाठी त्याचे इंग्रजी होते. प्रत्येक पायरीवर थोडे पाणी सांडते. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषा नव्हे, ती मुंडा कुळातली आहे. शब्दाला शब्द लावून भागत नाही. आमच्यासारख्याला इतक्या वर्षांनंतरही ती मोडकीतोडकीच येते, आणि आम्ही उपदेश करताना एखादा कोरकू शब्द वापरला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. या मुलीला मात्र त्या चारही पायऱ्या एकटीने चढता येतात.

एका गोष्टीवर आमचे आणि तिचे बरेच बोलणे झाले. ती म्हणजे गुपित. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाने उघड करू नये, याला साक्षीपुराव्याच्या कायद्याचेच संरक्षण आहे. पत्रकाराला तसे पूर्ण संरक्षण नाही. १९७८ च्या कायद्यानुसार प्रेस कौन्सिल त्याला बातमीचा उगम सांगण्याची सक्ती करू शकत नाही, पण न्यायालय विचारू शकते. आणि आम्ही? प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले ओठांबाहेर काढणे आम्हांला ख्रिस्तसभेच्या कायद्याने सर्वथा निषिद्ध आहे. परंतु देशाच्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात धर्मगुरूच्या त्या मौनासाठी वकिलासारखे स्पष्ट कलम नाही. वाचकहो, आम्ही मौनाची शपथ इतक्या कसोशीने पाळणारे. मात्र मोहाच्या झाडाखाली कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच रात्री नावगावासह छापायला धाडताना आम्हांला काहीच वाटले नाही. तो संस्कार नव्हता, म्हणून? हा प्रश्न आम्ही आमच्या महागुरुस्वामींना विचारला नाही. स्वतःला पुष्कळदा विचारला.

या संदर्भात आम्हांला आमच्याच घरातील एक संत आठवले. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी वडिलांच्या इच्छेनुसार इटलीतील पादुआ येथे कायद्याचा अभ्यास केला, १५९१-९२ च्या सुमारास त्यात डॉक्टर ही पदवी मिळवली आणि शांबेरीच्या न्यायसभेत वकील म्हणून त्यांचे नावही नोंदवले गेले. पुढे ते धर्मगुरू झाले. शाब्ले प्रांतात लोक त्यांचे प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा त्यांनी आपले म्हणणे कागदावर लिहून त्याच्या प्रती दारांच्या फटींतून घरांत सरकवल्या. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. म्हणजे आमच्या पाहुणीने मागितलेल्या दोन्ही विद्या त्यांच्यापाशी होत्या. त्यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी अॅनसी नगरातून एकोणिसाव्या शतकात नागपूर-वऱ्हाडच्या बाजूला आले आणि आमच्यासारख्यांची परंपरा त्यांच्याच कष्टांवर उभी आहे. सेमिनरीत दर २४ जानेवारीला आम्ही या संताचा सण साजरा करीत असू, गोडधोड जेवत असू. ते वकील होते, हे आमच्या ध्यानात कधी राहिले नाही. त्यांनी लोकांना चिठ्ठ्या लिहिल्या त्या रागाने लिहिल्या नाहीत, एवढे मात्र शिकवताना सांगितले गेले होते. तेही आम्ही १९९९ च्या त्या रात्री विसरलो होतो.

जुलैच्या अखेरीस मुलीचा अमरावतीचा प्रवेश ठरला. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम नियमितपणे करायचा. पत्रकारिता पहिले वर्ष स्थिरावल्यावर मुक्त विद्यापीठातून. पैशाचे गणित आम्ही तिच्यासमोर मांडले, आणि ते गोड नव्हते. शिष्यवृत्ती उशिरा येते, वसतिगृहाचे पैसे आधी भरावे लागतात, आणि धारणीहून सेमाडोहच्या जंगलातून अमरावती गाठायला एस.टी.ने अर्धा दिवस जातो. धर्मग्रामातील दोन कुटुंबांनी पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचा भार उचलला. नावे सांगू नका, असे त्यांनी बजावले आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती आली. आम्ही पेटी उघडली आणि ते पिवळे पाकीट तिच्या हातात ठेवले. आत आमच्या पत्राचे कात्रण होते, वकिलाची नोटीस होती आणि दिलगिरीच्या पत्राची कार्बन प्रत होती. हे तिला दाखवावे की नाही, यावर आम्ही तीन रात्री तळमळलो होतो. ती ओसरीच्या पायरीवर बसून वाचू लागली. आम्ही कौलांकडे पाहत राहिलो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने पिशवीतून पेन्सिल काढली, आमची परवानगी न घेताच कात्रणाच्या कडेला खुणा केल्या आणि विचारले, "फादर, हे बारा दिवस कोणते?"

"लिहून घेतले नव्हते."

"आणि इथं तुम्ही आजी 'धाय मोकलून रडली' असं लिहिलंय. आजी रडली होती?"

आम्ही आठवून पाहिले. ती बाई रडली नव्हती. ती मोहफुले निवडत बोलत होती, आणि बोलताना तिचे हात थांबले नव्हते. रडणे आमच्या लेखणीने घातले होते. पंचवीस वर्षे आम्ही त्या पत्रातील पुराव्याच्या उणिवेबद्दल खंत करीत होतो. त्यात एक सरळ असत्यही आहे, हे आम्हांला तिच्या पेन्सिलीने दाखवले.

पाकीट तिने मागून घेतले. अमरावतीच्या खोलीवर ते तिच्या पुस्तकांबरोबर आहे. २०२५ च्या नाताळच्या सुटीत ती आली, तेव्हा तिने सांगितले की वर्गात अब्रुनुकसानीचा धडा झाला आणि तिने ते कात्रण कोणाला दाखवले नाही, पण उत्तर लिहिताना तेच डोळ्यांपुढे होते. गुण बरे मिळाले होते. मुक्त विद्यापीठाची पुस्तकेही टपालाने आली होती. त्यांतील एकाच्या कोऱ्या पानावर तिने ढाण्यावरील पाण्याच्या टाकीविषयी एक बातमी लिहून पाहिली होती. आम्हांला ती वाचायला दिली. अवघ्या नऊ ओळी होत्या. त्यांत तीन तारखा होत्या, ग्रामपंचायतीच्या ठरावाचा क्रमांक होता आणि विशेषण शोधूनही सापडले नाही. "छापायला पाठवू का?" असे तिने विचारले नाही. "सरपंचांचं म्हणणं अजून घ्यायचंय," एवढेच म्हणाली आणि पुस्तक मिटले.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही तिला विचारले. तिने आजीला विचारून सांगते म्हटले. आजी आता थकली आहे, कमी ऐकू येते. मुलीने तिला कोरकूत सगळे सावकाश सांगितले; आम्ही जवळच बाजेवर बसून होतो आणि निम्मे समजत होते. म्हातारी बराच वेळ चुलीतल्या निखाऱ्यांशी काडीने खेळत राहिली. मग हसली आणि नातीला काही म्हणाली.

"काय म्हणाली?" आम्ही विचारले.

"लिहा म्हणाली. पण नाव नको, ढाणाही नको."

मग तिने आमच्यापुढे मोहफुलांची टोपली सरकवली, आणि आम्ही तिघे निवडायला बसलो.